वाफ्याखालची गुरं

"शालिग्राम भाऊ, पोरीले पुण्याले शिकोलं, परदेशात धाडलं, अन् थे तिथं जाऊन माती खनते म्हंता. खनाचंच होतं तं आपल्या धुऱ्यावर काय जागा कमी होती?"

धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध लागून असलेला शेजारचा जगदेव वर्षातून एकदा तरी हे विचारायचाच. शालिग्रामचं उत्तरही ठरलेलं असायचं. "तुह्या धुऱ्यावर खनलं तं तू कोर्टात जाशीन." मग दोघं हसायचे आणि आपापल्या कामाला लागायचे.

रिसोडहून पैनगंगेच्या अंगाला उतरलं की नदीकाठी शालिग्रामची भाजीची वाडी लागते. मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी, अंबाडी, जे रिसोडच्या बाजारात खपेल ते. त्याच्या लेकीचं, वैजयंतीचं माती खणणं खरं म्हणजे इथूनच सुरू झालं. जिथं कधीकाळी गाव नांदलं आणि उठून गेलं, त्या जुन्या पांढरीची राखट माती भाजीला मानवते म्हणून शालिग्राम बैलगाडीनं आणून वाफ्यांत टाकायचा. त्या मातीतून खापरं निघायची, काचेचे मणी निघायचे, शंखाच्या बांगडीचा एखादा तुकडा निघायचा. लहानगी वैजू ते सगळं फ्रॉकच्या ओच्यात गोळा करून ओसरीवर मांडून बसायची. शालिग्रामनं तिला कधी "फेक वं थे" म्हटलं नाही. पुढं ती पुरातत्त्व शिकली, आणि शिकता शिकता आफ्रिकेत, सुदान देशाच्या उत्तरेला, नाईल नदीकाठच्या अर्तिनूर नावाच्या गावी जाऊन पोचली.

तिथलं तिचं काम बापाला समजावून सांगताना ती म्हणायची, "बाबा, मी नाई खनत. खनतात थ्या गावातल्या बाया. मी फक्त दाखोते, ब्रश कसा धराचा, माती कशी चाळाची. जे निघते थे गावाचंच राह्यते, आमी कुठं नेत नाई."

गावानं त्यासाठी शाळेतली एक खोली दिली होती. त्या खोलीची किल्ली सित्तना नावाच्या शिक्षिकेकडं असायची. वैजयंतीपेक्षा वयानं मोठी, नवरा नसलेली, जोरात हसणारी बाई. व्हिडिओ कॉलवर ती वैजयंतीच्या आईशी, पंचफुलाशी बोलायची. एक अरबीत, दुसरी वऱ्हाडीत, आणि दोघींचं कसं कोण जाणे जमायचं. काय शिजवलं ते भांडं उचलून दाखवायच्या. तिकडंही ज्वारीच, तिकडंही अंबाडी, तिकडंही मेथी.

त्या खोलीत मडकी होती, मणी होते, दगडी पाटे होते. पण वैजयंतीचा जीव होता मातीच्या गुरांवर. साडेतीन हजार वर्षांपूर्वी कुणा पोरांनी खेळायला केलेला बोटाएवढ्या गुरांचा कळप. एका गायीच्या पोटाला अंगठा दाबल्याचा खळगा होता, आणि तो अंगठा लहान मुलाचा होता. ही गुरं भाजलेली नव्हती. उन्हात वाळवली, खेळून झाल्यावर घराच्या कोपऱ्यात राहिली, घर पडलं, वर वाळू साचली, आणि तिथं पाऊस जवळजवळ पडतच नाही म्हणून तगली. बायकांनी ती खणून काढली तेव्हा शाळेतल्या मुलांनी प्रत्येक गुराला आपापल्या घरच्या गाईचं नाव देऊन टाकलं.

फोटो आला तेव्हा शालिग्राम चष्मा पुसून बराच वेळ पाहत राहिला. "हे तं आपल्या पोळ्याचे बैल हायेत."

"आपले बरे," पंचफुला म्हणाली. "याईचे शिंगं पाहा ना, जशा जगदेव भाऊच्या मिशा."

मग तिथं लढाई लागली. एकाच देशातली दोन सैन्यं एकमेकांवर उलटली. सरकारनं आपल्या माणसांना बोटीनं, मग विमानानं परत आणलं, त्यांत वैजयंती आली. एक पिशवी घेऊन आली, आणि त्या पिशवीत सित्तनानं दिलेली अंबाडीची वाळलेली लाल बोंडं होती. ती आल्यावर आठवडाभर झोपली आणि उठल्यावर जी फोन हातात घेऊन बसली, ती बसलीच. वाडीत निंदायला यायची, जुड्या बांधायची, पण फोन वाफ्याच्या वरंब्यावर ठेवलेला असायचा.

"पोरगी काय कोनाच्या फोनची वाट पाहून राह्यली?" जगदेवनं एकदा डोळे मिचकावत विचारलं.

"हाव. एका मास्तरीनबाईच्या," शालिग्राम म्हणाला, आणि जगदेवचा सगळा उत्साह मावळला.

पहिल्या हिवाळ्यात सित्तनाचा निरोप आला. लढाई सरकत सरकत त्यांच्या बाजूला येत होती. राजधानीतल्या मोठ्या संग्रहालयात शस्त्रवाले शिरल्याची बातमी तर सगळ्यांनी ऐकलीच होती. आता वरच्या गावांत ते घरोघर शिरत होते, खोल्या फोडत होते. शाळेतली खोली कुणीही दाखवून देईल. वस्तू कुठं लपवायच्या?

वैजयंती वाडीत आली तेव्हा शालिग्राम मेथी उपटत होता. ती समोर उकिडवी बसली. तिनं आपणहून बापाला कामातलं काही विचारण्याची ही पहिलीच वेळ होती.

"बाबा, तुमच्या लहानपनी गढीवर पेव होतं म्हनता ना? धान्य कसं गाडत होते?"

शालिग्रामला बरं वाटलं. त्यानं हात झटकले आणि अगदी व्यवस्थित सांगितलं. माणूसभर खोल खड्डा, बाजूंनी कडबा, वरून माती आणि शेणाचं लिंपण. तिनं ते सित्तनाला कळवलं. सित्तना म्हणाली, आमच्याकडंही अगदी हेच आहे, वाळवंटाच्या कडेला जुनी पेवं आहेत, पण उपाशी शिपाई गावात शिरला की पहिल्यांदा पेवच उघडतो.

"मंग रेतीत गाडा," शालिग्राम म्हणाला.

"रेती उडते बाबा. आठ दिवसांत वारा उघडं पाडते."

शालिग्रामनं विचार केला. हातातल्या मेथीच्या जुडीकडं पाहिलं. "मंग भाजीच्या वाफ्यात गाडा. नुसत्या रानात खड्डा लपत नाई, किती बी थोपटा, माती येगळी दिसते. पन वर मेथी टाका. पाचव्या दिवशी हिरवं होते. उभ्या भाजीत कोनी फावडं घालत नाई. अन् बाई रोज पानी द्याले गेली तं कोनी इचारत बी नाई, इथं काहून येतं म्हनून."

"पानी खाली उतरन ना पन?"

"मेथीले कितीक पानी लागते? चार बोटं ओल. खाली खड्ड्याले काई होत नाई."

शाळेमागं, खजुरीच्या झाडांपाशी, सित्तनाचा स्वतःचा भाजीचा वाफा होता. गावातल्या बायकांनी मिळून खड्डा केला. गुरं कापडात गुंडाळून मोठ्या मडक्यांत ठेवली, मडक्यांची तोंडं मातीनं लिंपली, वर माती, मातीवर मेथी. काही दिवसांनी फोटो आला. कोवळा हिरवा चौकोन, आणि त्यापाशी उभी राहून हसणारी सित्तना. शालिग्रामनं तो फोटो जगदेवला दाखवला. "माह्या सांगन्यावरून पेरली. आफ्रिकेत."

"मंग तिकडंच बाजार करा आता," जगदेव म्हणाला.

त्यानंतर तिकडचं नेटवर्क गेलं. महिने गेले. वैजयंतीनं पाठवलेल्या निरोपांपुढं एकच टिक राहू लागली. दुसरी टिक म्हणजे निरोप पोचला, हे शालिग्रामला आता कळू लागलं होतं. सकाळी चहा घेताना तो सवयीनं विचारायचा, "आली काय दुसरी?" ती मान हलवायची.

आषाढात एक दिवस वैजयंती फोन घेऊन आली, आणि तिचा चेहरा पाहूनच शालिग्रामनं पाण्याची बाल्टी खाली ठेवली.

"बाबा, नाईलले पूर हाये. जिथं कधी पानी येत नाई म्हनत, तिथं बी पाऊस पडून राह्यला. घरं पडून राह्यली तिकडं."

"वाफा नदीपासून किती लांब हाये?"

त्या गावात सगळी शेती नदीला चिकटून, एका हिरव्या पट्ट्यात आहे, पुढं वाळवंट. वाफा नदीपाशी असणार नाही तर कुठं असणार?

शालिग्रामनं बांधाकडं पाहिलं. त्याच्या स्वतःच्या वाडीत, बांधावरच्या बाभळीला एक जुनी चिंधी बांधलेली होती. पैनगंगा एका साली कुठवर चढली होती त्याची ती खूण. कांद्याची चाळ त्यानं त्या चिंधीच्या वर बांधली. गोठा वर बांधला. जगदेवनं मोटारीची पेटी खाली बसवली तेव्हा त्याला हाका मारून ती वर घ्यायला लावली. नदीकाठचा माणूस कुठंही काही ठेवण्याआधी पहिला प्रश्न विचारतो तो पाण्याचा. आणि त्या दिवशी पोरगी समोर येऊन बसली, बापाला विचारती झाली, तेव्हा एवढा एक प्रश्न त्याच्या तोंडातून निघाला नाही. मेथी किती दिवसांत उगवते ते मात्र त्यानं सांगितलं.

"मडकी पक्की हायेत ना?" त्यानं विचारलं.

"मडकी भाजलेली हायेत. त्याईले काई होत नाई." तिनं फोन वरंब्यावर पालथा ठेवला. "गुरं कच्ची हायेत, बाबा."

वैजयंतीनं त्या दिवसांत जमेल तितके फोन केले. तिच्याबरोबर काम केलेल्या परदेशी प्राध्यापकांना केले, तिथून पळून इजिप्तमध्ये गेलेल्या ओळखीच्यांना केले. सगळे चांगलं बोलायचे. सगळ्यांचं उत्तर एकच असायचं, तिथवर कुणाचा हात पोचत नाही. एकानं तर शांतपणे सांगितलं की त्या भागात माणसं मरत आहेत, आणि ते खरंच होतं.

पोळा आला. घरचे बैल विकून आता कितीतरी वर्षं झाली होती, नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरनं होते. म्हणून पोळ्याला पूजेसाठी शालिग्राम स्वतः मातीचे बैल करायचा. पंचफुला त्यांच्यापुढं पुरणपोळी ठेवायची, आणि पोळा झाला की ते बैल नेऊन एखाद्या वाफ्यात ठेवून यायची. पाण्यात ते विरघळायचे. रानातली माती रानात जाते, असं तिचं म्हणणं.

खांदमळणीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दुपारी तो ओसरीवर बैल घडवत बसला होता. पावसानं ओढ दिली होती, ऊन कडक होतं, पहिले दोन बैल सुकत आले होते. एवढ्यात आतून वैजयंतीचा आवाज आला, "आई, बाबा, या." तिच्या फोनवर सित्तना बोलत होती.

तो व्हॉइस मेसेज होता. सित्तना तालुक्याच्या गावी आली होती, तिथं उपग्रहावरून इंटरनेट मिळत होतं. पाठीमागं गाड्यांचा, माणसांचा गलका होता. वैजयंतीनं मेसेज थांबवत थांबवत सांगितला.

नदी आली होती. शाळेमागं तिसऱ्या खजुरीपर्यंत चढली, वाफ्यावर उभी राहिली, मग परत गेली. मेथी गेली, पण गाळ बसल्यावर सित्तनानं तिथंच अंबाडी पेरली, ती झकास आली आहे, "तुझ्या वडिलांना सांग." आता शाळेत शस्त्रवाले राहायला आले आहेत. दिवसभर खजुरीच्या सावलीत, वाफ्याला लागूनच बसतात. तिचीच भाजी तोडून खातात. त्यांतला एक अगदी पोरगेला आहे, तो तिला आई म्हणतो आणि मीठ मागतो. ती खड्ड्याला हात लावू शकत नाही. पण मडक्यांत पाणी शिरलं असेल का, याचा तिला घोर लागला आहे. उघडून पाहू? त्यांना सांगू की रताळी काढते आहे? मी अस्रच्या नमाजापर्यंत, म्हणजे दुपार कलेपर्यंत इथं आहे. मग परत जाईन. "तुझ्या वडिलांना विचार, ते भाजीवाले आहेत."

मेसेज संपला.

"पानी किती येळ उभं होतं वर?" शालिग्रामनं विचारलं.

"थे नाई सांगतलं."

शालिग्राम ओसरीवर परत आला. हातातली माती सुकू लागली होती. त्यानं सवयीनं बोट पाण्यात बुडवलं आणि जवळजवळ सुकलेल्या बैलाच्या पाठीवरून फिरवलं. बोटाखाली पाठ मऊ पडली. त्यानं पुन्हा ओलं बोट पायाला लावलं. पाय वाकला आणि बैल एका अंगाला कलंडला. तो पाहत राहिला. दारात उभी असलेली वैजयंतीही पाहत होती.

"तिनं उघडलं तं?" तो म्हणाला.

"तं थे बंदूकवाले पायतीन. मडकी दिसतीन. अजून काय काय गाडलं म्हनून तिले इचारतीन." तिचा आवाज अगदी साधा होता. "कसं इचारतात थे तुमाले मालूम नाई, बाबा."

"अन् नाई उघडलं, पानी देनं बंद केलं तं? खाली सुकन तरी."

बोलता बोलताच तो थांबला. उत्तर त्यालाच ठाऊक होतं. गाळाची जमीन सुकली की भेगाळते. आणि जिथं खड्डा भरलेला असतो तिथली माती बसते, भेग सरळ न जाता खड्ड्याच्या कडेकडेनं गोल फिरते. नुसत्या डोळ्यांनी दिसते. वाफा कोरडा पडला तर तिथं काय आहे ते वाफाच सांगेल.

"म्हंजे पानी द्याच लागन," वैजयंती म्हणाली.

शालिग्रामनं खूप विचार केला. दुपारी ते लोक झोपत असतील तेव्हा कडेनं उकरावं, असं त्याच्या मनात आलं आणि त्यानं ते टाकून दिलं. गुरं बांधायला खुंटा ठोकायचं निमित्त करावं, तेही टाकून दिलं. आयुष्यभर वाडीतल्या प्रत्येक अडचणीवर त्याला काही ना काही सुचत आलं होतं, कीड लागली, बी वांझ निघालं, मोटार जळाली, तरी. आज मेथीच्या पुढं त्याची अक्कल जात नव्हती.

"याच्यावर माह्यापाशी इलाज नाई, बाई," तो म्हणाला.

वैजयंती फोन तोंडाशी धरून आत गेली. तिनं बोलायला सुरुवात केली, पुसलं, पुन्हा केली, पुन्हा पुसलं. पंचफुला तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. शेवटी ती बोलली, आणि बोलली ते बाहेर ऐकू आलं. भाषा शालिग्रामला कळत नव्हती, पण वाक्यं लहान होती. ती बाहेर आली.

"काय सांगतलं?"

"उघडू नको म्हटलं. रोज पानी दे म्हटलं. गुरांचा इचार करू नको."

शालिग्रामनं हातांची माती खरवडून काढली. मग म्हणाला, "तिले सांग, अंबाडी काढून चिवळ लाव. चिवळीले पानी कमी लागते, अन् जमीन झाकून राह्यते. भेग दिसत नाई."

"आता काय फरक पडते, बाबा?"

"तरी सांग."

चिवळ, ही घोळीसारखी जमिनीवर पसरणारी भाजी, तिकडंही खातात, रिजला म्हणतात. तिनं लिहून पाठवलं. दोन्ही टिका लगेच आल्या आणि पाठोपाठ उत्तरही. वैजयंतीनं वाचून दाखवलं, "तुझ्या वडिलांना सांग, अंबाडी त्या पोराला आंबट लागतच होती. रिजला लावते. मीठ कमी लागेल." मग तिचं एक शेवटचं वाक्य होतं. गाडी निघते आहे, जाते.

त्या संध्याकाळी पंचफुलानं पाटावर मांडलेल्या मातीच्या बैलांच्या खांद्याला लोणी-हळद लावली आणि दरसालाप्रमाणं म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." कलंडलेल्या बैलाला शालिग्रामनं काडीचा टेका दिला होता. तोही पाटावर होता. दुसऱ्या दिवशी पूजा झाली, पुरणपोळी झाली, जगदेव येऊन भरपेट जेवून गेला आणि टेका दिलेल्या बैलाकडं बोट दाखवून म्हणाला, "याले पेन्शन देऊन टाका, शालिग्राम भाऊ." कुणी हसलं नाही, तेव्हा तो गोंधळला आणि पान लावू लागला.

सित्तनाच्या शेवटच्या निरोपानंतर वैजयंतीनं पाठवलेल्या दोन निरोपांपुढं पुन्हा एकच टिक होती.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची कर सरल्यावर पंचफुला बैलांचं ताट घेऊन वाडीत निघाली. शालिग्राम त्या वेळी पाटाच्या तोंडाशी फावडं घेऊन उभा होता, मेथीच्या वाफ्याला पाणी द्यायचं होतं. पंचफुला ताट घेऊन आली आणि त्याच्याकडं पाहून थबकली. काय करावं हे तिलाही कळेना.

मागून वैजयंती आली. तिनं आईच्या हातातून ताट घेतलं, वाफ्यात उतरली आणि मेथीच्या रोपांमधे एकेक बैल ठेवला. टेकू दिलेला बैल ठेवताना काडी निघाली, तिनं ती पुन्हा लावली. मग ती वरंब्यावर येऊन उभी राहिली.

शालिग्रामनं फावडं उचललं नाही.

"सोडा बाबा पानी," ती म्हणाली.

"राहू दे आज. उद्या देऊ."

"जमीन तापून राह्यली. उद्यापावतर भेगा पडतीन."

त्यानं पाटाचं तोंड फोडलं. पाणी वाफ्यात शिरलं, रोपांच्या बुडाशी काळं होत पुढं सरकलं. पहिल्या बैलापाशी पोचलं तेव्हा वैजयंती फोनकडं पाहत होती, आणि शालिग्राम तिच्याकडं.